निक्को : देव डोंगरावर, गर्दी पायथ्याशी

(दृश्य : स्थानकाबाहेर पडणारी गर्दी)

टोकियोच्या असाकुसा स्थानकातून निघालेली गाडी साधारण दोन तासांत निक्कोला पोचते. उतरलेली बहुतेक माणसं तोशोगू देवस्थान बघतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. निक्कोचा डोंगर राहतो तो राहतोच.

तोशोगूचा मोह समजू शकतो. तोकुगावा राजवटीचा संस्थापक इएयासू १६१६ साली वारला आणि पुढच्याच वर्षी इथे त्याची देव म्हणून स्थापना झाली. नातू इएमित्सूनं १६३६पर्यंत सगळं नव्यानं उभारलं, तेही हात सैल सोडून. एकट्या योमेइमोन दरवाजावर पाचशेहून अधिक कोरीव आकृत्या आहेत. त्याच्या एका खांबावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरली आहे. काम पुरं झालं की पडझड सुरू होते, म्हणून ते अपुरंच ठेवायचं, असं सांगतात.

(दृश्य : कोठारावरचे हत्ती)

तबेल्यावरच्या तीन माकडांपुढे फोटोंसाठी झुंबड असते. जवळच्या कोठारावरचे हे हत्ती मात्र चुकवू नका. त्यांचं मूळ चित्र चित्रकार कानो तान्यूचं, आणि त्यानं हत्ती कधी पाहिलाच नव्हता! कान बघा, शेपटी बघा. आपल्याकडचा माहूत हसून लोळेल.

पण निक्को इएयासूपेक्षा साडेआठशे वर्षांनी जुनं आहे. शोदो नावाच्या भिक्षूनं ७६६ साली इथे पहिलं मंदिर स्थापन केलं. नानताई शिखरानं त्याला दोनदा परत पाठवलं. ७८२ साली तो माथ्यावर पोचला. इथे डोंगर हाच देव. म्हणूनच फुतारासान देवस्थानची हद्द सुमारे ३,४०० हेक्टर आहे. शिखरं तर तिच्यात येतातच, केगोन धबधबाही येतो.

शेजारच्या रिन्नोजी मंदिरात तीन सोनेरी मूर्ती आहेत. इथल्या तीन शिखरांची ही बौद्ध रूपं. त्यांतला एक सहस्रभुज अवलोकितेश्वर आणि एक अश्वमुखी, म्हणजे आपला हयग्रीव. भारतातून निघालेले हे देव जपानच्या मूळ शिंतो धर्मातल्या देवांबरोबर शतकानुशतकं सुखानं नांदले. १८६८ साली दोन्ही धर्म वेगळे करायचा सरकारी हुकूम आला आणि वाटण्या झाल्या : दोन शिंतो देवस्थानं, एक बौद्ध मंदिर.

(दृश्य : घाटातली बस)

आता वर. इरोहाझाका घाटाची चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी. दोन्ही मिळून ४८ वळणं. १८७२पर्यंत बायकांना वर जायला बंदी होती. बैल-घोड्यांनाही.

वर चुझेन्जी सरोवर, १,२६९ मीटर उंचीवर. नानताईच्या लाव्ह्यानं नदी अडवली, त्यातून ते तयार झालं. त्याचंच पाणी पुढे ९७ मीटर खाली कोसळतं, तो केगोन. इथलं राष्ट्रीय उद्यान १९३४चं. १९९९ साली जागतिक वारसा यादीत आल्या त्या मात्र खालच्या देवळांच्या १०३ वास्तू.

नानताईची पायवाट सरोवरकाठच्या देवळाच्या आवारातूनच सुरू होते. शुल्क भरायचं आणि १२०० मीटर चढायचं. हिवाळ्यात ही वाट बंद असते, तेव्हा बेत उन्हाळ्याचा किंवा शरदातला आखा. आणि मुक्काम सरोवरापाशीच करा.