वेंगुर्ल्याची ओली बादली

[सकाळ. अरुंद पाणंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. लांबून घंटागाडीचा आवाज.]

निवेदन:

रात्री पाऊस पडून गेलाय. पागोळ्या अजून थांबलेल्या नाहीत. घंटागाडी वळणावर येते आणि चार घरांची दारं एकदम उघडतात.

"वयनी, ह्येच्यात करटी हा. ही सुक्यात घाला."

"इसारलंय रे. दी हडे."

करटी म्हणजे नारळाची करवंटी. वहिनी ती बादलीतून काढतात, झटकतात आणि दुसऱ्या डब्यात टाकतात. एवढंच. पण या एका करवंटीपायी पुढे ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारं एक अख्खं यंत्र अडून बसू शकतं, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

[वेंगुर्ले बंदर. मग टेकडीवरून दिसणारी वस्ती.]

हे वेंगुर्ले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं जुनं बंदर, वस्ती बारा हजारांच्या आसपास. समोर समुद्र, मागे डोंगर आणि मधल्या पट्टीत माड, आंबा, काजू. या पट्टीत कचऱ्याचा ढीग घालायचा कुठे? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि खाली जांभा दगड. जांभ्याला भोकं असतात. ढिगातून निथळलेलं काळं पाणी त्या भोकांतून उतरतं आणि कुणाच्या तरी विहिरीत निघतं. मोठ्या शहराचा कचरा शहराबाहेर जातो. कोकणातल्या गावाला बाहेर असं नसतंच, लगेच पुढचं गाव लागतं.

तसा कोकणात 'टाकाऊ' हा शब्द उशिराच आला. नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत, करटीची डवली म्हणजे पळी, माडाच्या चुडतांची झापं, खरकटं गुरांना आणि शेण गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात. हे काही कुणी पर्यावरणासाठी करत नव्हतं. घरात दुसरं काही नसायचं, म्हणून करत होते. मग गोठे रिकामे झाले, चुलीच्या जागी सिलिंडर आला आणि बाजारातून येताना हातात प्लास्टिकची पिशवी आली. जुनी व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी बरीच वर्षं काहीच आलं नाही.

देशात घनकचऱ्याचे नियम २००० साली आले, २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायचा, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. नियम सगळ्यांनाच लागू होते. वेंगुर्ल्याने ते मनावर घेतले. रामदास कोकरे इथे मुख्याधिकारी होते त्या काळात नगरपरिषदेने दारातच वर्गीकरण सुरू केलं आणि पुढे सुक्या कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे होऊ लागले. कचरा डेपोला नाव मिळालं 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ'. नाव ऐकून हसू येतं, मलाही आलं होतं. पण नाकाला रुमाल न लावता डेपोत उभं राहता येणं ही कुठल्याही गावात बघण्यासारखीच गोष्ट आहे.

[बायोगॅसची टाकी, जवळून. शेजारी कचरा दळायचं यंत्र.]

आता करवंटीकडे येऊ.

बायोगॅसची टाकी म्हणजे गुराचं पोट. आत हवा नाही, अंधार, ऊब आणि कोट्यवधी जिवाणू. दळलेला ओला कचरा पाण्यात कालवून आत जातो. एका जातीचे जिवाणू त्याचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करतात. आम्ल करणारे झपाट्याने काम करतात, मिथेन करणारे संथ. सगळी मेख इथे आहे. एखाद्या दिवशी लिंबाच्या साली, कोकमाचा चोथा, हॉटेलातलं आंबलेलं सांबार असं सगळं एकदम पडलं, की आम्ल वाढतं, संथ मंडळी मरगळतात आणि गॅस बंद. मग चार दिवस टाकीला लंघन घालायचं. करवंटी तर पचतच नाही. दळताना यंत्राची पाती बोथट करते आणि तळाशी जाऊन बसते. प्लास्टिकची पिशवी वर तरंगते आणि साय धरावी तशी गॅसची वाट अडवते.

शहरी कचऱ्यासाठी असे प्रकल्प आपल्याकडे रुजवण्यात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्राचा मोठा वाटा आहे. डॉ. शरद काळे यांनी ते विकसित केलं. त्यात कचरा आधी गरम पाण्यात, हवेच्या सान्निध्यात थोडा मऊ करून घेतात आणि मग मोठ्या टाकीत सोडतात. पाणी तापवायला ऊन वापरायचं. मुळात अणूवर काम करणाऱ्या संस्थेने खरकट्यात एवढं लक्ष घालावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

गणित मात्र सरळ मांडू, कारण या विषयात फुगवलेले आकडे फार ऐकायला मिळतात. बारा हजार माणसं, माणशी तीनशे ग्रॅम कचरा धरला तर दिवसाला साडेतीन टनांच्या आसपास. त्यातला निम्मा ओला. चांगला निवडलेला एक टन ओला कचरा सत्तर ते शंभर घनमीटर गॅस देतो. म्हणजे या आकाराच्या गावाला रोज दीडशे घनमीटर गॅस. जनित्रावर घातला तर घनमीटरमागे दीड-दोन युनिट वीज, म्हणजे अडीचशे युनिटांच्या आसपास. ऐंशीएक घरं चालतील.

ऐंशी घरं. गाव उजळणार नाही. पण तोच गॅस चुलीखाली जाळला, तर रोज चार ते पाच घरगुती सिलिंडरांची बरोबरी होते. वीज करताना निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून निघून जाते, चुलीत तेवढी जात नाही. माझं मत विचाराल तर डेपोतली यंत्रं आणि दिवे चालतील एवढीच वीज करावी, उरलेला गॅस एखाद्या वसतिगृहाच्या नाहीतर खानावळीच्या भटारखान्यात न्यावा. वीज केली म्हणजे फलकावर लिहायला बरं पडतं, तो भाग वेगळा.

शिवाय हाच मिथेन उघड्या ढिगातून हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसएक पट उष्णता धरून ठेवतो. हे कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

[कौलारू छपरं. त्यांत एका स्लॅबवर सौर पॅनेल. ढग.]

"मग सौर का नको?" हवंच की. एक किलोवॅटची पॅनेलं वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारएक युनिट देतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. पण कोकणच्या दोन अडचणी आहेत. पहिली, कौलारू घर. मंगलोरी कौलांवर पॅनेलं बसवायची म्हणजे आधी वासे तपासा, मग कौलं काढा. त्यात खारा वारा साध्या लोखंडाला दोन पावसाळेही टिकू देत नाही. दुसरी, जुलै महिना. सूर्य दिसलाच तर लोक अंगणात येऊन बघतात.

आणि एक गोष्ट पॅनेल घेतल्यावरच कळते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ग्रीडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला जोडलेलं साधं सौर यंत्र ग्रीड गेली की स्वतःही बंद होतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. बॅटरी नसेल तर छपरावर लख्ख ऊन आणि घरात मेणबत्ती.

ओल्या बादलीला यातलं काही लागत नाही. पाऊस असो, नसो, माणसं जेवतात. देशावर थंडीत बायोगॅसच्या टाक्या गारठतात आणि गॅस निम्म्यावर येतो. किनाऱ्यावर बारा महिने हवा उबदार. या बाबतीत तरी आमच्या घामट हवेचा उपयोग झाला.

[पातेऱ्याचे ढीग. कांड्या पाडणारं यंत्र.]

सुक्या कचऱ्याची कथा लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. आंब्या-काजूचा पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, पूर्वी शेताच्या भाजावळीत जायचा, आता गटारात जातो. इथे तो दाबून त्याचा कांडी कोळसा करतात. प्लास्टिक बारीक कापून रस्त्याच्या डांबरात. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचं हे तंत्र. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचं पातळ अस्तर चढतं, मग डांबर घट्ट धरतं आणि पाणी आत शिरायला वाव कमी मिळतो. खड्डे नेमके पाण्याने पडतात, त्यामुळे कोकणाला हे सोयीचं. पण पीव्हीसी जातीचं प्लास्टिक चालत नाही, तापवलं की त्यातून घातक वायू सुटतो. आणि आमटी लागलेली पिशवी तर नकोच.

काजूचं मात्र थांबून बघण्यासारखं आहे. वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे, काजूच्या 'वेंगुर्ला' जाती तिथल्याच. बी फोडली की वजनाने पंचवीस ते तीस टक्के गर, बाकी टरफल. त्या टरफलात काळं, चिकट, कातडी भाजणारं तेल असतं. ते ब्रेकच्या अस्तरापासून रंगापर्यंत चालतं. तेल काढून उरलेली पेंड कारखान्याच्या बॉयलरमध्ये. म्हणजे काजू काजूवरच शिजतो. राहिला बोंडू, म्हणजे काजूचं फळ. सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, सीमेच्या अलीकडे तो झाडाखाली कुजतो. मार्च ते मे, ढिगांनी. तो टाकीत जाऊ शकतो, पण आंबट आहे, बेताने घालावा लागेल. संथ मंडळी लक्षात आहेत ना.

[डेपो. निवडण्याचं टेबल. हातमोज्यातले हात.]

या टेबलावर बसणाऱ्या एका ताईला विचारलं, ओल्या कचऱ्यात चुकून सगळ्यात जास्त काय येतं? वाटलं, प्लास्टिक म्हणतील. त्यांनी खालून एक पत्र्याचा डबा ओढला. आत चमचे. पोह्यांचे, चहाचे, एक नक्षीचा, एक अगदी लहान, बाळाचा. ताट निपटताना खरकट्याबरोबर जातात आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

[दुसरी सकाळ. तीच पाणंद. घंटागाडी.]

"वयनी, ह्यो चमचो तुमचो काय बघा."

"अगो बाई! चार दिस शोधतंय मी."