इम्पोज : वाईच्या छापखान्यातला एक शब्द

वाईच्या पेठेतला हा जुना छापखाना. काकांच्या पुढ्यात तो गुळगुळीत दगड दिसतोय ना, त्यावर आत्ता जे चाललंय त्याला इम्पोज करणं म्हणतात. हो, तोच शब्द, जो आपण शाळेत 'लादणे' असा पाठ केला.

आता हात बघा. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून झालेत, एकेक पान सुतळीने बांधलंय. आरत्यांची 8 पानी पुस्तिका आहे, कागदाच्या एका बाजूला 4 पानं, पण ती ओळीनं नाही मांडायची, 1 च्या शेजारी 8 येतं आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावून 4 आणि 5 उलटी, मागच्या बाजूला 2 शेजारी 7 आणि 3 शेजारी 6. जोडीची बेरीज कायम 9. एक जोडी चुकली तर घडी घातल्यावर आरती मधेच तुटते! मग मोकळ्या जागेत लाकडी पट्ट्या, भोवती लोखंडी चौकट, चावीने आवळली की फर्मा तयार, उचलला तरी एक खिळा खाली पडत नाही.

लॅटिनमध्ये पोनेरे म्हणजे ठेवणं. त्याच्या आधी 'वर' अर्थाचा इन लागला, उच्चारात त्याचा इम् झाला, इम्पोनेरे, म्हणजे वर ठेवणं. मुळात एवढंच, काका दगडावर पानं ठेवतात तसं. ओझं ठेवणं, कर ठेवणं, अगदी फसवणंसुद्धा त्यात लॅटिनमध्येच शिरलं, इम्पॉस्टर म्हणजे तोतया हा त्याच घरातला. पुढे फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला, येताना पोझे या फ्रेंच क्रियापदात मिसळला, ज्याचं मूळ खरं तर थांबणं या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दात आहे. फ्रेंच लोक कराला impôt म्हणतात, उच्चार अँपो, आणि आपणही कर 'बसवतो'च की. कंपोझिटर, पोझिशन, डिपॉझिट, पोस्टपोन, सगळी पोनेरेचीच पिलावळ.

लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, पहिला खंड 1976 ला आला. शब्दाचं मूळ हाताने दाखवायला याहून चांगलं गाव कुठलं?

खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारा ऑफसेट आला, मग कॉम्प्युटर, आता पानं सॉफ्टवेअर लावतं आणि असे बहुतेक छापखाने एकेक करून बंद पडले.

काका अजून रोज फर्मा लावतात. आसपासच्या शाळांनी डिक्शनरीच्या तासाला एकदा पोरांना इथं घेऊन यावं, दगडाशी उभं करावं आणि 8 पानं त्यांच्याच हातांनी मांडून घ्यावीत.