गादी सरकत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

‘मणक्याची गादी सरकली आहे,’ असे सांगत येणारा रुग्ण बहुधा एका बाजूला कललेला असतो, खुर्चीत बसायला तयार नसतो आणि एमआरआयचे भले मोठे पाकीट त्याने छातीशी धरलेले असते. मागच्या पावसाळ्यात निफाडकडचे एक शेतकरी असेच आले. चाळीतली कांद्याची पन्नास किलोची गोण उचलून ट्रॉलीत टाकताना त्यांच्या कमरेत चमक भरली होती. दोन दिवसांनी कंबर सैल पडली, पण उजव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज उतरावी तशी कळ सुरू झाली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘साहेब, सरकलेली गादी परत जागेवर बसेल ना?’

ती बसवता येत नाही, कारण ती मुळात सरकलेलीच नसते. आपल्या कण्यात मणक्यांच्या मध्ये एकूण 23 गाद्या, म्हणजेच चकत्या, असतात आणि प्रत्येक चकती वरच्या व खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिच्या कडेला चिवट तंतूंचे थर असतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसलेले. फरक इतकाच की एका थराचे तंतू ज्या दिशेला तिरपे, त्याच्या उलट दिशेला पुढच्या थराचे. आत मऊ गर असतो आणि तरुणपणी त्यात सुमारे 80 टक्के पाणी असते. दिवसभराच्या भाराने त्यातले थोडे पाणी पिळून निघते आणि रात्री आपण आडवे झालो की ते परत शोषले जाते, म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. ज्यांना हे खरे वाटत नाही, त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून पाहावी. याच कारणाने उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण अधिक पडतो. भरलेली बादली उचलायची ती जरा हिंडून-फिरून झाल्यावर उचलावी.

वय वाढते तसा गर सुकत जातो आणि थरांना बारीक भेगा पडतात. मग गोण हे केवळ निमित्त ठरते. कित्येकांना एक जोराची शिंकही पुरते. भेगेतून गर मागे आणि किंचित बाजूला डोकावतो, आणि नेमकी तिथूनच पायाकडे जाणारी नस निघालेली असते. हे बहुतेक वेळा कमरेच्या सर्वांत खालच्या दोन चकत्यांपैकी एकीत घडते, कारण भार आणि वाकणे दोन्ही तिथेच एकवटते. नुसत्या दाबाने मात्र एवढी कळ येत नाही. गरातील रसायनांमुळे नसेला सूज येते आणि ती सुजलेली नस ठणकते. म्हणूनच फोटोत दिसणारा फुगवटा केवढा आणि दुखणे किती, यांचा मेळ अनेकदा बसत नाही.

त्या शेतकऱ्यांना उताणे झोपवून, गुडघा न वाकवता मी त्यांचा उजवा पाय वर उचलू लागलो, तेव्हा जेमतेम चाळीस अंशांवर त्यांनी दात आवळले. मग पायाचा अंगठा माझ्या बोटाचा दाब झुगारून वर उचलायला सांगितला. डाव्या अंगठ्यापेक्षा उजव्याची ताकद किंचित कमी होती. पाकीट उघडण्यापूर्वीच कोणती नस दुखावली आहे, हे त्या अंगठ्याने सांगितले होते.

चकतीतून बाहेर आलेल्या या गराला पूर्वी गाठ समजत असत. 1934 साली अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी ती फाटलेली चकती असल्याचे दाखवून दिले, आणि त्यानंतर, माझ्या मते, कमरेच्या प्रत्येक दुखण्याचे खापर चकतीवर फोडण्याची सवयच जडली. 1994 साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या 98 जणांचा एमआरआय काढण्यात आला, तेव्हा त्यांतील 52 टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. रिपोर्टातले शब्द वाचून ज्यांची झोप उडते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

फुटलेला गर शरीर स्वतःच हळूहळू पचवून टाकते, आणि नवल म्हणजे पूर्ण निखळून बाहेर पडलेला मोठा तुकडा विरघळण्याची शक्यता लहान फुगवट्यापेक्षा अधिक असते. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. तोवर अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. 1999 साली नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात दोन आठवडे झोपून राहिलेल्यांना हिंडत्या-फिरत्या रुग्णांपेक्षा काहीही अधिक लाभ झाला नाही. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच आणि थोडेच दिवस घ्याव्यात, कारण मूत्रपिंड आणि जठर त्यांची किंमत मोजतात.

गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. उसण ही स्नायूंची आकडी. ती चार दिवसांत तशीही जाते आणि श्रेय पायाळूला मिळते. नुसता पाय लावण्यास माझी हरकत नाही, मात्र नस दुखावलेली असताना कमरेवर लाथ मारून घेणे किंवा कुणाला पाठीवर उभे करणे घातक आहे.

शस्त्रक्रियेचा विचार पायाची ताकद घटत चालली असेल किंवा सहा आठवड्यांनंतरही कळ असह्य असेल तर करावा. नेदरलँड्समध्येच 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रुग्ण बरे झालेले होते; शस्त्रक्रिया न करता वाट पाहणाऱ्या गटातील 39 टक्के लोकांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे शस्त्रक्रियेने मुख्यतः वेळ वाचतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याने तो वाचवायचे ठरवले तर त्याला भित्रा म्हणू नये.

एका स्थितीत मात्र एक रात्रही थांबू नये. लघवी तुंबली, शौचावरचा ताबा सुटला किंवा सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. रुग्ण हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनीच स्पष्ट विचारावे.

आमचे शेतकरी सकाळ-संध्याकाळ बांधावरून चालत राहिले आणि आठव्या आठवड्यात त्यांच्या अंगठ्याची ताकद परत आली. पुन्हा एमआरआय काढण्याचा त्यांचा आग्रह मी मानला नाही. गोण अंगाशी धरा, कंबर पिळू नका आणि पंचवीस किलोचीच भरा, असे मी सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘आमच्याकडं गोण पन्नासचीच भरतात, साहेब.’ आता ती दोघे मिळून उचलतात, एवढे त्यांनी कबूल केले आहे.