उद्देश घटनेत, निर्णय बैठकीत

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही नाट्यसंस्थेची घटना उघडून बघा. सुरुवातीलाच 'उद्देश' असतात. कलेचा प्रसार करणे, नवोदितांना व्यासपीठ देणे, शिबिरे भरवणे. संस्था पुण्याची असो की परभणीची, मजकूर जवळजवळ सारखाच. नोंदणीच्या वेळी कुणीतरी ओळखीच्या संस्थेची प्रत आणतो आणि नाव बदलून ती उतरवून काढतो, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. संस्थेचा खरा उद्देश कळतो तो कार्यकारिणीपुढे अडचणीचा विषय येतो तेव्हा. आज अशाच एका अडचणीविषयी बोलणार आहे.

पुण्यातली पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, १९५१ सालची. भालबा केळकर तिचे अध्यक्ष. याच संस्थेनं १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना ती ब्राह्मणांची रांग आठवत असेल. गात, डुलत उभी असते. पाठ फिरवली की तिची भिंत होते, मधे फट पडली की दरवाजा. या नाटकाचा पडदासुद्धा माणसांचाच.

१९ प्रयोग झाले. तोवर नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणद्वेष असे आरोप सुरू झाले होते. अध्यक्षांनी पुढचे प्रयोग थांबवले.

आता भालबांना खलनायक ठरवणं अगदी सोपं आहे. मी ते करणार नाही. याच पीडीएनं त्याआधी तेंडुलकरांचं 'अशी पाखरे येती' केलं होतं, तेही जब्बार पटेलांच्याच दिग्दर्शनाखाली. ही पोरं याच घरात वाढली होती. आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसलं की संस्थेच्या नावाची काळजी लागतेच. ती न लागणारा अध्यक्षही काही कामाचा नसतो. पण तो निर्णय मला चुकीचाच वाटतो. 'हे नाटक आपण करायचं का' हा संहितेच्या वाचनाला विचारायचा प्रश्न एकोणीस प्रयोग झाल्यावर विचारला, तर त्याचं उत्तर संहितेत सापडत नाही, ते आक्षेप घेणाऱ्यांच्या आवाजात शोधावं लागतं. मग ज्याचा आवाज मोठा तो संस्थेचा न निवडलेला विश्वस्त होतो.

नाटक करणारी मंडळी बाहेर पडली. इथे एक व्यवहाराची गोष्ट. बॅनर, पत्ता, शिक्का, बँकेतलं खातं हे सगळं मूळ संस्थेकडे राहतं. पण ती माणसांची भिंत कार्यालयात कुलूप लावून ठेवता येत नाही. ती उठली आणि चालू लागली. २७ मार्च १९७३ रोजी, म्हणजे जागतिक रंगभूमी दिनी, 'थिएटर अकॅडमी' ही नवी संस्था स्थापन झाली आणि ११ जानेवारी १९७४ला 'घाशीराम' पुन्हा उभं राहिलं. पुढे १९८०मध्ये ते युरोपात गेलं.

ही संस्था चालवणारे कोण होते ते बघा. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागात. दिवसा दवाखाना नाहीतर प्रयोगशाळा, संध्याकाळी तालीम. संस्था एकाच नाटकावर जगली असती तर मी आज तिची गोष्ट सांगितली नसती. १९७४मध्येच आळेकरांचं 'महानिर्वाण' आलं, १९७८ला पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा', १९७९ला 'बेगम बर्वे'. एकाचा तोंडवळा दुसऱ्याशी जुळत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र रंगमंचावर दिसलेलंच नाही. १९८५ ते १९९४ या काळात, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं, अकॅडमीनं नव्या नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना चालवल्या. आळेकर त्यांचे सूत्रधार. हाती पैसा आला की आपल्या नाटकाचं नेपथ्य भारी करावं, दौरा काढावा, हा कुणालाही होणारा मोह. तो पैसा दुसऱ्यांच्या संस्था उभ्या राहण्यासाठी लावायचा, याला नेतृत्व म्हणतात. 'नवोदितांना व्यासपीठ' हे छापील कलम इथे कामाला लागलेलं दिसतं.

आपल्या गावातल्या मंडळांचं काय? नोंदणीला सात माणसं लागतात, ती मिळतात. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट जातो, कधी वेळेवर, कधी पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर. वार्षिक सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम होतं, ताळेबंद मंजूर होतो, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय येतात. या सगळ्यात यंदा कुठलं नाटक करायचं आणि का, यावर दोन वाक्यंही होत नाहीत. ते कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं.

तुम्ही अशा एखाद्या संस्थेचे सभासद असाल तर पुढच्या सभेत दोन प्रश्न विचारा. संहिता निवडायचा अधिकार कुणाचा? आणि नाटकावर आक्षेपाचं पत्र आलं, तर उत्तर कोण देणार, एकटे अध्यक्ष की कार्यकारिणी ठराव करून? हे लिहून ठेवलेलं नसेल तर तिथल्या तिथे ठराव मांडा. मात्र चहा येण्याआधी. चहा झाला की आपल्याकडे गणसंख्या टिकत नाही.

नमस्कार.