बोया तुमचा, पाणी सगळ्यांचं

श्रोतेहो, नमस्कार.

होडी घेताना माणूस इंजिन बघतो, लाकडाची की फायबरची यावर दहा जणांना विचारतो, नाव काय ठेवायचं यावर घरात वाद घालतो. ती बांधायची कुठे आणि कशाला, हे मात्र होडी पाण्यात उतरल्यावर आठवतं. मग कुणी सिमेंटचा ठोकळा ओततो, कुणी जुन्या इंजिनाचा सांगाडा तळाला सोडतो, वर निळं पिंप बांधतो, की झाली जागा आपली! मांडव्यापासून मालवणपर्यंत असे खासगी बोये, म्हणजे होडी बांधायला तळाशी जखडलेली तरंगती पिंपं, वाढत चाललेत. मच्छीमारांचे आहेत, पर्यटनवाल्यांचे आहेत, शनिवार-रविवारी येणाऱ्या हौशी मंडळींचेही आहेत. आजचं बोलणं या सगळ्यांशी.

आधी वजनाचं बघू. किनाऱ्यावर पाचशे किलो भरणारा सिमेंटचा ठोकळा खाऱ्या पाण्यात तीनशे किलोसुद्धा भरत नाही, उरलेला भार पाणी उचलून धरतं. लोखंडाचं वजन पाण्यात साधारण आठव्या हिश्शानेच घटतं. म्हणजे हिशेब करायचा तो पाण्यातल्या वजनाचा. लोखंड बरं म्हणून जुनं इंजिन सोडणार असाल, तर आधी त्यातलं तेल आणि ग्रीस पूर्ण काढा. तुमच्या इंजिनातून जे झिरपणार, त्याच खाडीत बायका कालवं काढायला उतरतात.

दुसरं, होडी एका जागी उभी राहत नाही. सहा तासांनी पाणी फिरतं, त्याबरोबर ती बोयाभोवती फिरते. साखळी आणि दोर मिळून लांबी भरतीच्या खोलीच्या तिप्पट तरी हवी, आणि ती खोली उधाणाच्या भरतीची धरा. मुंबईकडे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढउतार करतं. मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, दिवसांत बेतलेला दोर उधाणाला तोकडा पडतो, मग होडी ठोकळ्यालाच उचलायला बघते. उलट ओहोटीला तोच दोर सैल पडतो आणि होडीचा फेरा रुंदावतो. शेजारच्या बोयापासून अंतर मोजायचं ते या रुंद फेऱ्याचं. त्यात हलकी फायबरची होडी वाऱ्याबरोबर वळते, खोल बुडालेला ट्रॉलर प्रवाहाबरोबर. दोघी शेजारी असल्या की कधीतरी एकमेकींच्या अंगावर येणारच. तेव्हा आपल्यासारख्याच नौकांच्या रांगेत जागा मागा. मागा म्हणतोय, कारण बंदराच्या हद्दीतला तळ कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. बंदर कार्यालयात विचारल्याशिवाय बोया टाकू नये, आणि होड्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत तर कधीच नाही.

रंगाचंही भान ठेवा. आपल्याकडे बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल बोया असतो, उजव्या हाताला हिरवा. हौसेने कुणी आपला बोया लाल रंगवला, तर रात्री होडी हाकणारा अनोळखी तांडेल त्यालाच वाटेची खूण समजून बसेल.

आता साखळी. इथे जरा थांबतो, कारण बहुतेक होड्या सुटतात त्या इथून. वरची टोकं सगळे बघतात. झीज होते मधे, जिथे साखळी तळावर टेकते आणि लाटेसरशी पुन्हा उचलली जाते तिथे. दिवसरात्र वाळूत घासून कडीला कडी खाते. बाहेर काढून गंज खरवडला की कळतं: कडी बाजूने जाडजूड, पण दुसऱ्या कडीला जिथे टेकते तिथे झिजलेल्या वहाणेसारखी पातळ. वरून नुसती बघून हे दिसत नाही, दोन कड्या एकमेकींपासून ढकलून मधला भाग मोजावा लागतो. मूळ जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झीज होईपर्यंत वाट बघू नका, त्याआधीच बदला. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या लोखंडी कडीची, पिन तारेने बांधली आहे ना, तेही बघा. दोर होडीच्या काठावर घासतो तिथे जुन्या रबरी पाइपचा तुकडा चढवा. खर्च जवळजवळ शून्य, तरी दहातल्या आठ होड्यांवर तो नसतो असं माझं निरीक्षण आहे!

हीच साखळी तळ खरवडत फिरते, तेव्हा खाली काय आहे हे महत्त्वाचं. वाळू असेल तर फार बिघडत नाही. पण मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. म्हणून तर 1987 साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. गोलसर दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. स्नॉर्कलिंगला नेलेल्या होडीने टाकलेला एक नांगर कित्येक वर्षांची वाढ एका हिसक्यात मोडतो. शिवाय ते मोडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तिथे प्रत्येकाने आपापला नांगर टाकण्यापेक्षा वाळूच्या पट्ट्यात मोजके पक्के बोये सगळ्यांनी मिळून ठेवावेत आणि पाळीपाळीने वापरावेत. धंद्यातली चुरस मला कळते. पण पाहुणे येतात ते हेच बघायला ना?

मे 2021 च्या तौक्ते वादळात देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका बुडाल्या, खलाशांचे जीव गेले. वादळात होडीवर माणूस कशाला ठेवतात? दोर तुटला तर सांभाळायला. म्हणजे आपल्या बांधणीवर आपलाच भरवसा नसतो. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की दुहेरी दोर लावा, वरचं सामान उतरवा, जमलं तर होडी खाडीत आत घ्या, आणि माणसं किनाऱ्यावर आणा. होडीचा विमा उतरवता येतो.

राहिला पावसाळा. होडी वर ओढली की बोया बहुतेक जण तसाच सोडून देतात. पिंप फुटतं, दोर पाण्याखाली तरंगत राहतो आणि नारळी पौर्णिमेनंतर कुणाच्या तरी पंख्यात गुरफटतो. होडी वर ओढाल त्याच दिवशी दोर काढून घ्या, खुणेला छोटा पण ठळक बोया ठेवा, जीपीएसवर जागा टिपून ठेवा. आणि होडी विकलीत, तर घेणाऱ्याला ठोकळ्यासकट विका. त्याला नको असेल, तर उचलून घरी न्या.

नमस्कार.