पुरातून आलेल्या पोरांना डोंगा करायला लावू नका

(वैनगंगेकाठच्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय: ‘आपत्तीनंतर योग आणि कागदाच्या घड्या’. पूर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. ऑगस्ट 2020 च्या शेवटी तिकडे मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सुटलं, इकडे गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले आणि उभं धान गाळाखाली गेलं. त्यात कोरोना. शाळा बंद. पोरांनी जायचं कुठं?

भिंती पडल्या, त्यांचे पंचनामे झाले. कसे झाले यावर बोलत बसलो तर आज जेवणं राहतील, आणि मागे भाजीला फोडणी बसल्याचा वास मलाही येतोय. पण आभाळ भरून आलं की दप्तर घेऊन दारात उभं राहणारं पोरगं पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. मी आलोय त्याच्यासाठी.

पूर ओसरल्यावर बाहेरून एक मंडळ आलं होतं. माणसं भली होती, रंगीत कागद आणले, बिस्किटं आणली. पोरांना गोल बसवलं आणि म्हणाले, “चला, होडी करू आणि परातीतल्या पाण्यात सोडू!” माझा आजही संताप होतो. चारच दिवसांपूर्वी ज्यांना डोंग्यात घालून बाहेर काढलं, त्या लेकरांना होडी? एक पोरगी कागद मांडीखाली दाबून बसली. ताईंनी मायेनं विचारलं, “येत नाही का बाळा?” ती म्हणे, “येते. पण डोंगा बनवला का पाणी येते.”

सगळे गप्प. तिच्या आजीनं वहीचं एक पान ओढलं. आजीचा जन्म पळसाचे द्रोण लावण्यात गेलेला. तिनं पानाच्या कडा वर घेतल्या, कोपरा दुमडला, झाडूची काडी मोडून टोचली. झाला द्रोण. पोरगी बघत होती. मग तिनं स्वतः पान घेतलं. पहिली घडी तिरकी गेली, ती उलगडली, नखानं दाबून पुन्हा घातली. तिसरा द्रोण लावता लावता, मान वर न करता म्हणाली, “आमची बकरी बांधलेलीच होती.” कोणी विचारलं नव्हतं. डोळे हातांवर होते म्हणून बोलता आलं. त्यानंतर बराच वेळ ती बकरीबद्दलच बोलत होती, आणि आजी नुसती “हो गं” म्हणत काड्या मोडून देत होती.

घडीकामाचा विषय निघाला की हिरोशिमाच्या सादाकोची गोष्ट निघतेच. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे रक्ताचा कर्करोग झाला, दवाखान्यात ती कागदाचे करकोचे करत राहिली आणि ऑक्टोबर 1955 मध्ये गेली, बारा वर्षांची. ही गोष्ट जरूर सांगा. पण हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते, असं पोरांना कबूल करू नका. घडी घातली म्हणून बकरी परत येत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणतात. योग अजून राहिलाच आहे, तेव्हा भरभर सांगतो.

भेदरलेल्या माणसाचा श्वास वरच्यावर चालतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ दिला की हृदयाची धडधड उतरते. म्हणून भ्रामरी घ्या, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं; तिच्यात श्वास आपोआप लांबतो. पण डोळे उघडे ठेवून. पाणी रात्री शिरलं असेल तर डोळे मिटून शवासन करवणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा त्या रात्रीत ढकलणं. उभ्यानं ताडासन करवा, पाय जमिनीवर नीट टेकलेत हे त्याला जाणवू द्या. दार उघडं असू द्या. ज्याला उठून जायचं, त्याला जाऊ द्या. बिहारमध्ये 2008 च्या कोसीच्या पुरानंतर 22 पूरग्रस्तांवर एक अभ्यास झाला. त्यात आठवडाभर रोज तासभर योग करणाऱ्यांची उदासी कमी झाली. अभ्यास लहान आहे, त्याचा डंका पिटू नका, पण दिशा दाखवतो.

क्रम माझा असा: आधी हात, मग श्वास, आणि बोलणं त्याच्या मनानं येईल तेव्हा. काय झालं ते सांग, असं खोदून विचारू नका. झोप, जेवण आठवडे झाले तरी सुटलेलं असेल, कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस मदत नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. शाळेच्या भिंतीवर आजच लिहून टाका.

गुरुजी आणि अंगणवाडीच्या ताईंनी जेवणानंतर थांबा. जुन्या वह्या आणल्यात, द्रोण लावून बघू.