पिकअपच्या पोटातला ‘खट्ट’

नमस्कार श्रोतेहो.

तासगावची द्राक्षं, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद, आटपाडीचं डाळिंब, आपल्या भागातला केवढा तरी माल डिझेल पिकअपवर हलतो. आजचं बोलणं या गाड्यांच्या मालकांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्या चालवणाऱ्या ड्रायव्हर मंडळींसाठी. क्लच सोडला की खालून ‘खट्ट’. रेस सोडून पुन्हा दाबली की ‘खट्ट’. हा आवाज आला की लगेच दुकानात पार्ट आणायला धावू नका. आधी जागा शोधा. अंदाजानं शाफ्टच्या वाकत्या जोडातला क्रॉस बदलला, मग शाफ्टला मधे धरणारी सेंटर बेअरिंग बदलली, मग मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग उघडलं, आणि शेवटी सैल निघाला मागच्या स्प्रिंगचे पाटे हाउसिंगशी आवळणारा यू-बोल्ट, असे खर्च मी फार बघतो. बघून वाईट वाटतं, कारण तो पैसा भाड्याच्या धंद्यातूनच जातो.

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे गाडीखालच्या लांब फिरत्या दांड्याला, तिथून हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनच्या दातांना आणि मग चाकाला मिळतो. वाटेतल्या प्रत्येक जोडात थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असतोच. जोराची दिशा उलटली की हा सगळा प्ले एकदम भरून निघतो आणि लोखंड लोखंडावर आपटतं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जास्त ओढ देतं, वर माल भरलेला, त्यामुळे आपटणंही जोरात होतं.

म्हणून पहिला प्रश्न, आवाज येतो कधी? निघताना किंवा रेस बदलताना एकदाच येत असेल, तर कुठंतरी प्ले वाढलाय. हळू चालताना चिमणीसारखं ‘चिक चिक’ आणि वेग वाढला की तेही भरभर, हा कोरड्या पडलेल्या क्रॉसचा आवाज. ठरावीक वेगालाच गाडी थरथरत असेल, तर शाफ्टचा बॅलन्स नाहीतर सेंटर बेअरिंगचं रबर बघायचं. आणि खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर, क्लचचा काही संबंध नसताना वाजत असेल, तर शाफ्टला दोष देऊ नका. शॉकअपचे रबरी बुश, पाट्यांच्या टोकाचे शॅकल, बॉडीचे बोल्ट तपासा.

आता हातानं तपासणी. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. हँडब्रेक ओढा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, त्यामुळे चाकं जागची हलत नाहीत. आता शाफ्ट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा आणि नजर एकेका क्रॉसवर ठेवा. क्रॉसच्या एका बाजूचा योक, म्हणजे त्याला धरणारा काटा, हलतोय आणि दुसऱ्या बाजूचा जागचा हलत नाही, म्हणजे तो क्रॉस गेला. शाफ्ट वर-खालीही ढकलून बघा. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या कडेला लालसर भुकटी दिसली तर खात्रीच झाली. आतलं ग्रीस संपून कपातल्या बेअरिंगच्या सुया गंजल्याची ती खूण. असा क्रॉस काढलात तर पिनवर नखाला लागतील अशा बारीक रेघा सापडतात. तिथं ग्रीस मारून काही होणार नाही, क्रॉस बदलायचाच.

बदलताना शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टनं जोडलेल्या चकत्यांवर, आणि शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या दातेरी स्लिप जॉइंटवर पंचनं किंवा रंगानं खूण करा. खडूची खूण रॉकेलनं धुतली की जाते. स्लिप जॉइंट दात चुकवून बसवला, की नव्या क्रॉसची गाडीसुद्धा थरथरते आणि मग नव्या पार्टला बोल लागतो. कप बसवताना एखादी सुई आडवी पडली की कप पूर्ण आत जात नाही आणि त्याला अडवणारी सर्क्लिप बसत नाही. अशा वेळी हातोडा मारू नका. कप काढा, सुई उभी करा. ग्रीस भरायचं निपल असेल तर चारही बाजूंनी नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. स्लिप जॉइंटलाही ग्रीस द्या. थांबून निघताना येणारा एकच ‘टक’ कित्येकदा तेवढ्यानंच जातो.

क्रॉस ठीक आहेत, तर पाट्यांकडे या. यू-बोल्ट सैल असेल तर जोर मिळाला की हाउसिंग पाट्यावर पिळतं आणि आपटतं. इथं दुसरा माणूस लागतो. त्यानं ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरला क्लच जरासा सोडायचा, मग रिव्हर्सला तसंच. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं. इंजिन चालू असताना गाडीखाली कुणीही जायचं नाही, पुढं-मागं थांबायचंही नाही. यू-बोल्टच्या बुडाशी गंजाचा ओघळ किंवा घासून चकाकलेलं लोखंड दिसतं का बघा. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला असेल तर हाउसिंग सरकतं. त्यासाठी पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. मापात फरक आला तर कळलंच.

क्राउन-पिनियनवर मी सगळ्यात शेवटी जातो. त्या दातांत साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरचा प्ले मुद्दाम ठेवलेला असतो, आणि शाफ्टच्या हिशेबानं तो काही पट मोठा दिसतो. थोडा हलला म्हणून हाउसिंग उघडायला सांगू नका. आधी पिनियन फ्लँजचा नट आणि ऑइलची पातळी बघा. ऑइलमध्ये लोखंडाचे चकाकते तुकडे निघाले तर मात्र उघडायलाच हवं.

काहीजण म्हणतात, आवाजच आहे, हंगाम उरकू दे. द्राक्षाच्या दिवसांत गाडी उभी ठेवणं परवडत नाही, हे मलाही कळतं. पण पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडतं. कुंभार्ली घाटाच्या उताराला भरल्या गाडीचा शाफ्ट सुटला, तर इंजिनाचा ब्रेकही त्याच क्षणी गेला. गिअर कितीही खाली घ्या, चाकांना ते कळणारच नाही. सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो, आणि तो तापलेला असतो. क्रॉसचा खर्च त्यापुढं काहीच नाही.

काम झालं की पहिली भरलेली फेरी करून या आणि यू-बोल्ट, फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा. पाटे भाराखाली बसतात, तेव्हा नट थोडे फिरतातच. आवळताना एका बाजूनं सरळ जाऊ नका, कर्णावर कर्ण असं आवळा.

नमस्कार.